मोतीबिंदूनंतरचे थेंब आणि तो फिरणारा मेसेज

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. गेले पंधरा दिवस रोज कोणीतरी काउंटरवर मोबाइल पुढे करतं. मेसेज आधी मराठीत आला, मग तेलुगूत व्हॉइस नोटही. सार असं: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब स्टेरॉइडचे असतात, सगळे एकच, महागडा लिहिला म्हणजे लूट, त्यानेच मोतीबिंदू परत होतो, लाली गेली की बंद करा आणि मध घाला.

थेंब स्टेरॉइडचे असतात, हे खरं. ऑपरेशनमुळे डोळ्याच्या आत येणारी सूज त्यांनी उतरते.

‘सगळे एकच’ हे मात्र चूक. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का हा जुना, स्वस्त. डायफ्लुप्रेडनेट फक्त ०.०५ टक्के, तरी जास्त जोरकस. म्हणून कमी वेळा घालून भागतं, पण डोळ्याचं प्रेशरही तो जास्त चढवू शकतो. लोटेप्रेडनॉल डोळ्यातच लवकर निकामी होतो, प्रेशर कमी चढवतो. काचबिंदूवाल्यांना तो बरेचदा लिहितात. म्हणजे निवड डोळा बघून होते. साध्या ऑपरेशननंतर प्रेडनिसोलोननेही बहुतेकांचं काम होतं, तेव्हा ‘स्वस्तातला चालेल का?’ हे डॉक्टरांना खुशाल विचारा. फक्त त्याची बाटली आधी नीट हलवा. औषध तळाला बसतं. ‘स्वस्ताला गुण नाही’ म्हणत आलेल्या एका मावशी महिनाभर वरचं पाणीच घालत होत्या!

मोतीबिंदू परत होतो? ज्या भिंगात तो होतो ते तर काढून टाकलेलं असतं. स्वतःचं भिंग शाबूत असलेल्या डोळ्यात वर्षानुवर्षं स्टेरॉइड घातलं तर मोतीबिंदू होऊ शकतो, अफवेचं मूळ तिथे असावं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी धूसर दिसू लागतं ते बहुधा नव्या, कृत्रिम भिंगामागची पातळ पिशवी गढुळल्याने. त्याला याग नावाच्या लेझरचा उपचार आहे.

‘लाली गेली की बंद’ हा सल्ला सगळ्यात वाईट. लाली बाहेरची, सूज आतली. ती मशीनवर बघितल्याशिवाय कळत नाही. एकदम थांबवलं तर सूज उलटते, म्हणून चार वेळा, तीन, दोन, एक असं आठवड्यागणिक उतरवत आणतात. पडद्याला सूज येते तीही बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांनी, लाली कधीच गेलेली असताना. उलट टोकाचेही भेटतात: यंत्रमागाच्या धुळीने डोळा चुरचुरतो म्हणून जुनीच बाटली मागणारे. स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर न दुखता चढू शकतं आणि ते डोळ्याची नस खातं. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, मग राग येतो तो येवो.

मध? घरातला मध निर्जंतुक नसतो. ताज्या जखमेच्या डोळ्यात तो नकोच.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट: दुखणं वाढलं, नजर एकदम उतरली, तर कोणता थेंब बरा हे विचारायला माझ्याकडे येऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालं तिथे जा.