मगरीचं तोंड कुठल्या बाजूला?

साडूनं पुण्याहून आणलेल्या टी-शर्टावर मगर होती, तिथंच घोळ झाला.

साधा टी-शर्ट असता तर दुसऱ्या दिवशी घालून मी गणपती पेठेत वाणसामान आणायला गेलो असतो. पण ही लाकोस्तची मगर. खरी असेल तर सात-आठ हजारांची, खोटी असेल तर साडेतीनशेची. आणि पुढच्या महिन्यात साडूची वास्तुशांत. "अहो, आहेर कितीचा करायचा ते ठरवायला नको का?" ही म्हणाली.

खरं तर सांगलीच्या माणसाला मगर ओळखायला कुणी शिकवू नये. भिलवडी-औदुंबरच्या काठाला थंडीत उन्हाला पडलेल्या मगरी बघत आम्ही मोठे झालो. म्हणून शर्ट आधी बाबांकडं नेला. त्यांची हयात मार्केट यार्डात हळद पारखण्यात गेलेली. त्यांनी कापड तळव्यावर चोळलं, वास घेतला, मग चष्मा चढवला.

"मगरीचं तोंड आतनं लाल असतंय व्हय? पिवळट असतंय. नकली हाय."

"बाबा, खऱ्या लाकोस्तची लालच असते."

"मग कंपनीच नकली!"

चिरंजीव मोबाईल घेऊन आले. रने लाकोस्त हा फ्रान्सचा टेनिसपटू, त्याला लोक मगरच म्हणायचे. 1933 मध्ये त्यानं शर्टांची कंपनी काढली आणि छातीवर तीच मगर बसवली. अस्सल मगरीचं तोंड बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. डावीकडं तोंड केलेली मगर सिंगापूरच्या दुसऱ्याच कंपनीची, तीही आपल्या जागी अस्सल. दोघींची कोर्टकचेरी वर्षानुवर्षं चाललेली. बांधावरची भाऊबंदकी आपल्याकडंच असते असं नाही, एवढं ऐकून बरं वाटलं.

मी शर्ट अंगात चढवून आरशासमोर उभा राहिलो. मगरीचं तोंड डावीकडं! थेट सिंगापूर! "दाजींनी फसवलं," असं मी ओरडणार, तेवढ्यात चिरंजीव शांतपणे म्हणाले, "पप्पा, आरसा आहे तो."

पुढची खूण बटणांची. खरी बटणं शिंपल्याची, दोन भोकांची, आणि शिंपला हाताला गार लागतो. भोकं दोनच होती. पण चैत्रात, पत्र्याखालच्या खोलीत, सांगलीत गार काय लागणार? बोटाला समजेना म्हणून बटण ओठाला लावलं. मग गालाला. मग फ्रीजच्या दाराशी उभं राहून पुन्हा ओठाला. ही मागून आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भूक लागली असेल तर डब्यात भडंग आहे."

शेवटी हरभट रोडच्या मागच्या गल्लीतले आमचे टेलरमामा. त्यांनी मगरीकडं ढुंकूनही बघितलं नाही. शर्ट उलटा केला. "सुलटा शर्ट कुणाचाबी चांगलाच दिसतोय. आत बघा." मगर वेगळी भरून मग शर्टावर बारीक टाक्यानं बसवायची, आतल्या अंगाला त्याचा पत्ता लागता कामा नये, अशी खरी रीत. आमच्या मगरीच्या पोटाखाली हिरव्या-पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता होता, वर चिकटवलेला कागद. मामांनी बगलेची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली. ओव्हरलॉकचा दोरा सुटून त्यांच्या हातात आला.

"फर्स्ट कॉपी हाय. पर चांगली हाय," मामा म्हणाले. डॉक्टर 'थोडी शुगर आहे' म्हणतात तसं. मग मगरीवर बोट ठेवून, "हिला काढून खिसा लावू का? चष्मा तरी राहील."

मी खिशाला नाही म्हणालो. मगर असली-नकली कशीही असो, खिशापेक्षा वजनदार दिसते.

हिला मात्र टेलरमामांचा निकाल मान्य नव्हता; माहेरचा प्रश्न होता. तिनं ताईंना फोन लावला, स्पीकरवर. "ताई, शर्ट छानच आहे गं. जरा घट्ट होतोय यांना. बिल असेल तर बदलून आणू म्हटलं."

पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.

"अगं, बदलला असता," ताई म्हणाल्या, "पण ते दुकान आता उठलं तिथनं."

हिनं फोन ठेवला. एक शब्द बोलली नाही. कपाटाच्या वरच्या खणातली आहेराची पिशवी खाली काढली, चार साड्या चाळल्या, आणि मागच्या लग्नात आम्हाला सिल्कची म्हणून आलेली मोरपिशी साडी घडी मोडू न देता बाजूला ठेवली.