फ्लेक्स लावा म्हणे!

मीटिंगहून येऊन तास झाला, अजून जेवले नाहीये. आधी हे लिहून काढते, नाहीतर घास उतरायचा नाही.

आज संध्याकाळी आमच्या गावच्या हॉलमध्ये वेल ड्रेसिंगची, म्हणजे फुलांच्या पाकळ्यांनी विहीर सजवण्याची, मीटिंग होती. खुर्च्या चाळीस मांडलेल्या, माणसं अकरा. त्यातल्या दोघी चहाच्या खिडकीमागे. यंदा हात कमी पडताहेत, माती कोण तुडवणार, पाकळ्या कोण लावणार, अशी चर्चा सुरू होती. तेवढ्यात समितीतले एक गृहस्थ उठले आणि अगदी शांतपणे म्हणाले, चित्र कॉम्प्युटरवर करून मोठ्या बॅनरवर छापून घेऊ आणि विहिरीशी टांगू. फोटोत सारखंच दिसतं. पावसाने खराब होत नाही. तारीख घातली नाही तर पुढच्या वर्षीही चालेल.

फ्लेक्स! सात हजार किलोमीटर लांब येऊन माझ्या नशिबी पुन्हा फ्लेक्स! वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, श्रद्धांजलीचा फ्लेक्स, आणि आता इंग्लंडात, डर्बीशरच्या डोंगरातल्या झऱ्याला फ्लेक्स. माझ्या तोंडून भर सभेत "नो!" असं निघालं की चहावाल्या दोघी खिडकीतून डोकावल्या. बारा वर्षांत त्या हॉलमध्ये मी आवाज चढवलेला कुणी ऐकला नसेल.

ज्यांना हे काय आहे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमचा हा भाग चुनखडीचा. पाऊस भरपूर, पण पाणी वर थांबत नाही, खडकात मुरून जातं. त्यामुळे जिथे झरा फुटला तिथे गाव वसलं. त्या झऱ्यांना इथे विहीर म्हणतात आणि वर्षातून एकदा ती फुलांच्या पाकळ्यांच्या चित्राने सजवतात. टिसिंग्टन गावात ईस्टरनंतरच्या असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या, गुरुवारी सहा विहिरी सजतात. १३४९ च्या प्लेगातून गाव वाचलं ते झऱ्याच्या शुद्ध पाण्याने, म्हणून ही प्रथा, असं तिथले लोक सांगतात. काही जण १६१५ च्या दुष्काळाचं सांगतात, तेव्हा सगळीकडचं पाणी आटलं पण इथले झरे वाहत राहिले. यूलग्रेव्हला १८२९ साली नळाने पाणी आलं, गावात मधोमध गोल दगडी टाकी बांधली आणि त्या आनंदात तिथे सजावट सुरू झाली. मे ते सप्टेंबर, आज या गावाची तर पुढच्या आठवड्यात त्या गावाची. आपल्या जत्रांसारखंच.

आता माझी आई. माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींनी हे ऐकलंय, तरी पुन्हा ऐका.

आई माणची. माण तालुका म्हटलं की सातारकरांना पुढचं सांगावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा-सोळा वर्षांची, खडी फोडायला जायची, सुकडी खाऊन दिवस काढले. २०१७ साली ती पहिल्यांदा माझ्याकडे आली. जून संपत आलेला, बाहेर भुरभुर पाऊस, आणि तिचं एकच पालुपद: "एवढं पाणी वाया चाललंय गं." त्याच आठवड्यात गावातल्या एक आजी दारात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, डोक्याला प्लास्टिकची टोपी. हॉलमध्ये पाकळ्या लावायला माणसं हवी होती. मी म्हटलं, मला ऑफिसचं काम आहे. आईने विचारलं, काय म्हणतेय ती? मी सांगितलं, विहिरीला फुलं लावतात म्हणे, मदतीला बोलावताहेत.

"पाण्याची पूजा हाय नव्हं? मग चल की."

लुगड्यावर माझा रेनकोट चढवून ती त्या आजींच्या मागे निघाली सुद्धा. मला लॅपटॉप मिटून पाठोपाठ पळावं लागलं.

हॉलमध्ये टेबलासारख्या लाकडी घोड्यांवर मोठ्या फळ्या आडव्या ठेवलेल्या. या फळ्या आधी काही दिवस ओढ्यात भिजत टाकतात, म्हणजे लाकूड मातीतलं पाणी ओढून घेत नाही. फळीवर अर्धे ठोकलेले शेकडो खिळे, माती धरून ठेवायला. चिकणमातीत मीठ आणि पाणी घालून गावातली पोरं गमबूट घालून ती तुडवतात. मीठ असलं की माती लवकर सुकत नाही. बोटभर जाड थर दिला की त्यावर चित्राचा कागद अंथरायचा आणि रेघांवरून टाचणीने टोचत जायचं. कागद काढला की मातीत ठिपके. मग रेघांवर ऑल्डरच्या झाडाची इवलीशी काळी बोंडं एकेक करून दाबायची. मग आत शेवाळ, पानं, बिया, आणि सगळ्यात शेवटी पाकळ्या, कारण त्या कोमेजतात.

आई फळीसमोर बसली. शेजारच्या ट्रेमधलं करडं काहीतरी उचललं, वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, हे दगडफूल हाय की! हे मसाल्यात घालत्यात." इथल्या दगडी कुंपणांवरून खरवडून आणलेलं. अगदी आपल्या डब्यातलंच होतं की त्याचं कुठलं भावंड, देव जाणे, पण त्या वासावर आई घरची झाली.

आजींनी निळ्या हायड्रेंजियाची एक पाकळी घेतली, खालच्या कडेला मातीत दाबली. दुसरी तिच्या जरा वर, पहिलीच्या कडेवर चढवून. मग तिसरी. आणि बोटाने वरून खाली ओघळ दाखवला. पाऊस पडला की पाणी पाकळीवरून पाकळीवर उतरून जावं, मातीत शिरू नये. मी इंग्रजीतून मराठीत आणायला तोंड उघडलं तर आईने मला गप्प केलं. "कौलं घालत्यात तसं. कळलं मला."

चार दिवस त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. एकीला इंग्रजी नाही, दुसरीला मराठी नाही. आजींची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, त्यांना बारीक पाकळी धरवत नव्हती. आई त्यांना चिमटीत पाकळी द्यायची, त्या जागा दाखवायच्या, आई दाबायची. त्या वर्षीच्या चित्रात एक मासा होता, त्याचे सगळे खवले माझ्या आईचे. मिरवणूक निघाली, बँड वाजला, पाद्रीबुवांनी झऱ्यापाशी प्रार्थना म्हटली, आणि माझ्या आईने वाकून झऱ्याचं पाणी हातात घेतलं, डोळ्यांना लावलं. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी हसलं नाही. आजींनी तिचा कोपर धरून तिला वर उठवलं.

हे सगळं फ्लेक्सवर छापून दाखवा मला.

आणि फोटोत सारखंच दिसतं म्हणे! आठवडाभरात त्या पाकळ्या तपकिरी पडतात, माती भेगाळते आणि सगळं खरवडून टाकून द्यायचं असतं. गणपती कायमचे टिकावेत म्हणून आपण घरात ठेवून घेतो का? बुडवतो. पुढच्या वर्षी पुन्हा आणतो. एवढं साधं आहे.

मला राग त्या गृहस्थांचा आला होता, पण लिहितालिहिता तो भलतीकडेच वळतोय. गावात साडेतीनशे-चारशे माणसं आहेत ना? मग अकराच का? शनिवार-रविवारची घरं घेतलेली मंडळी कुठे आहेत, ज्यांच्या खिडक्या सोमवार ते शुक्रवार अंधारात असतात? "इतकं सुंदर गाव, इतकी सुंदर परंपरा" म्हणून घर विकत घ्यायचं आणि वर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकायची की मिरवणुकीसाठी रस्ता दोन तास बंद का ठेवता. चर्चच्या घंटांचा सकाळी आवाज होतो म्हणून एकाने पॅरिश कौन्सिलकडे पत्र दिलं होतं. घंटा आधी होत्या, बाबा. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत, १८९४ च्या कायद्याने आलेली. आमच्याकडे तिथे कुणी एक पेनी घेत नाही. रात्री नऊ वाजता खड्ड्यांवर आणि कुत्र्यांच्या घाणीवर वाद घालत बसणारी ही माणसं, त्यांना ही असली पत्रं.

मान्य आहे, तरुणांना इथे घर परवडत नाही, ज्यांना परवडतं ते दोघं नवराबायको डर्बी-शेफील्डला नोकरीला असतात आणि सातला घरी येतात. मान्य. पण सातनंतर हॉल उघडाच असतो.

मी इथे आले तेव्हा मला वाटायचं हे गाव असंच आपोआप चालतं. उन्हाळ्यात फेट म्हणजे गावची छोटी जत्रा, केकचं टेबल, नारळ पाडायचा खेळ, लांबलचक घेवड्याच्या शेंगांची स्पर्धा. ऑक्टोबरात सुगीचं जेवण. नोव्हेंबरात ५ तारखेची होळी, म्हणजे इथली बॉनफायर नाइट, आणि तिच्या मागोमाग युद्धस्मारकापाशी दोन मिनिटं शांत उभं राहणं. लाल टेलिफोनच्या खोक्यात आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. मग एकदा चहाच्या भांड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली आणि कळलं की हे सगळं सहा-सात माणसं करतात. तीच केक करतात, तीच तंबू ठोकतात, तीच ते यंत्र तपासतात. सगळी सत्तरीपुढची. त्यातलं एक गेलं की एक कार्यक्रम बंद होतो, दोन गेली की दोन.

आजी दोन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. त्याच हॉलमध्ये सँडविच आणि चहा झाला. त्यांच्या मुलीने मला एक कागदी पाकीट दिलं, आत २०१७ च्या माशाचा फोटो, मागे पेन्सिलीने लिहिलेलं: "खवले, भारतातल्या बाईंनी." आईचं नाव त्यांना लिहिता आलं नव्हतं. मी तो फोटो आईला पाठवला नाही, फोनवर सांगितलं नुसतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तिची बोटं लई दुखायची गं."

आता जे लिहिणार आहे ते आधीच लिहायला हवं होतं. मीटिंग संपली, सगळे पांगले, मी तणतणत गाडीपर्यंत गेले आणि छत्री राहिली म्हणून परत आले. हॉलमध्ये ते फ्लेक्सवाले गृहस्थ एकटे खुर्च्या एकावर एक रचत होते. चाळीस खुर्च्या. एक हात टेबलावर टेकून, गुडघा वाकत नाही म्हणून पाय बाजूला काढून. गेली वीस वर्षं फळ्या ओढ्यात टाकणारे आणि बाहेर काढणारे तेच. पाणी पिऊन जड झालेली फळी चौघांना जेमतेम उचलते, आणि गेल्या वर्षी ती उचलायला ते आणि त्यांचा जावई असे दोघंच होते. मला हे माहीत होतं. सभेत ओरडताना आठवलं नाही.

मी खुर्च्या लावू लागले. ते म्हणाले, "मलाही बॅनर नकोय गं. पण काहीच नसण्यापेक्षा..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

आणि मी स्वतः? गेल्या वर्षी अर्धा दिवस गेले. दोन पाकळ्या लावल्या, चाळीस फोटो काढले, इथे टाकले. तुम्ही सगळ्यांनी "वाह, किती सुंदर" म्हटलंत आणि मला बरं वाटलं. त्याच्या आदल्या वर्षी तर गेलेच नाही, ऑफिसचं काम होतं. आई मात्र दर जुलैला फोनवर न चुकता विचारते, "यंदा विहिरीला काय काढलं?" सजावट झाली की नाही, असं ती कधीच विचारत नाही. तिच्या लेखी ते होणारच. माणमध्ये टँकरची वाट बघत आयुष्य गेलेल्या बाईला मी काय सांगू, की इथे पाणी दारात आहे म्हणून आम्हाला आता वेळ नाही?

तर मी कागदावर नाव लिहून आलेय. माती आणि पाकळ्या, दोन्हीकडे. त्या गृहस्थांनी बॅनरचा विषय पुढच्या मीटिंगपर्यंत बाजूला ठेवलाय. त्याआधी वीस नावं हवीत. सध्या नऊ आहेत.

डर्बी, नॉटिंगहॅम, शेफील्ड, मँचेस्टरच्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी आहे. दरवर्षी तुम्ही पिकनिकला येता, फोटो काढता, माझ्या हातचं खाऊन जाता. यंदा एक दिवस कामाला या. जूनच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊला फळ्या ओढ्यातून काढायच्या आहेत, त्याला धडधाकट चार माणसं हवीत, नवरे आणा. रविवारी माती तुडवायची, त्याला पोरं आणा. पाकळ्यांना सोमवारपासून कधीही या, रात्री दहापर्यंत हॉल उघडा ठेवायचं कबूल करून आलेय, किल्ली माझ्याकडेच आहे. भारतीय म्हणून कसं वाटेल वगैरे मनात आणू नका. हार ओवता येतो ना, कौलं घालताना पाहिलीत ना, मग जमतंय.

खाली कमेंटमध्ये दिवस लिहा. लाइक नको. गमबूट आणा, जेवायला पिठलं-भाकरी मी करते.