पोर्टफोलिओ काहून भरायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

लॉगबुकात केलेल्या केसेसची यादी असते; पोर्टफोलिओत त्या केसेसमधून आपण काय शिकलो, ते लिहायचं. रेसिडेंट डॉक्टरांनी असा पोर्टफोलिओ ठेवावा, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही लिहिता, “सर, ३६ तासांच्या ड्यूटीनंतर हा पोर्टफोलिओ काहून भरायचा? लॉगबुकच आम्ही परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत भरतो, सर न पाहता सह्या करतात. विलायती फॅड आहे हे. वर स्वतःच्या चुका लिहायच्या म्हणजे वकिलाला आयतं हत्यार.”

ड्यूटीबद्दल वाद नाही. सलग १२ तासांच्या वर काम नको, असं १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेतच लिहिलंय. ते कुठे पाळलं जातं, हे मी तुम्हाला काय सांगणार!

पण तुमचा बाकीचा राग लॉगबुकवरचा आहे. समजा, पावसाळ्यात पहाटे काटोलकडचा एक मुलगा कॅज्युअल्टीत आला. रात्री जमिनीवर झोपला होता, आता पोट दुखतंय, उलट्या होताहेत, अंगावर खूण नाही. तुम्ही अन्नातून विषबाधा धरली. तासाभराने पापण्या मिटू लागल्या, तेव्हा मण्यार आठवली. लॉगबुकात याची एक ओळ होते: ‘सर्पदंश, एक’. पोर्टफोलिओत तो तास येतो. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, हे पुस्तकात वाचलेलं असूनही पापण्या आधी का पाहिल्या नाहीत? लहान मूल म्हणून प्रतिविष कमी द्यायला निघालात का? (डोस मोठ्यांइतकाच असतो.) अर्ध्या पानाचं काम आहे.

मात्र ते पान कुणीतरी तुमच्यासोबत बसून वाचायला हवं, आणि त्यावर गुण नकोत. गुण आले की काय होतं, ते एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गुणांसाठी लिहाव्या लागणाऱ्या मनोगतांत दिसतंच: सगळ्या बॅचला एकच रुग्ण अंतर्मुख करून जातो, तेही त्याच शब्दांत.

वकिलाची भीती मला खरी वाटते. ब्रिटनमध्ये एका मुलाच्या मृत्यूबद्दल कोर्टात दोषी ठरलेल्या डॉ. हदीजा बावा-गार्बा यांचं नाव जानेवारी २०१८ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं गेलं (ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला), तेव्हा पोर्टफोलिओच त्यांच्यावर उलटला असा बोभाटा झाला. प्रत्यक्षात तो ज्यूरीपुढे आलाच नव्हता. तरी तिथल्या मेडिकल कौन्सिलला, चौकशीसाठी अशी टिपणं मागणार नाही, असं जाहीर करावं लागलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालापासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आहेत. सगळ्यांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं त्यातून वगळली आहेत, पण तुम्ही जन्मभर तिथेच थोडे राहणार? तुमच्या वहीची हमी मी देणार नाही. नाव, गाव, तारीख, आयपीडी (भरती रुग्णाचा) नंबर त्यात नको. घडलं ते केसपेपरवर, वेळेत आणि खरं लिहा. वहीत फक्त पुढच्या वेळी काय वेगळं कराल ते.

तुमच्या युनिटमध्ये महिन्याला दोनच नोंदी आणि त्या वाचायला एक लेक्चरर, एवढं मागून पाहा. वाचायला वेळ नाही असं उत्तर आलं, तर पोर्टफोलिओ सुरूच करू नका. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे.