ओतलेलं लोखंड परत फिरत नाही, म्हणूनच

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यातून, आलेली तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याची आहे. धंद्यातले रोजचे निर्णय ॲजाईल पद्धतीने, म्हणजे थोडं करून, बघून, सुधारत घ्यावेत, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "कोड पुसून परत लिहिता येतो, ओतलेलं लोखंड परत फिरत नाही. सारखे निर्णय बदलणं म्हणजे धरसोड. आणि व्हीएमसी मशीन (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं यंत्र) काय थोडं थोडं विकत घ्यायचं?"

आधी, ॲजाईल म्हणजे 'आयटीवाल्यांचं खूळ', या तुमच्या आरोपाबद्दल. ॲजाईलचा जाहीरनामा 2001 साली अमेरिकेत सतरा सॉफ्टवेअरवाल्यांनी लिहिला, हे खरं. पण ॲजाईलमधल्या स्क्रम या, लहान टीमने टप्प्याटप्प्याने काम करायच्या पद्धतीचं मूळ 1986 च्या एका लेखात आहे. ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी तो लिहिला आणि त्यातली उदाहरणं होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचं कॉपी मशीन अशी आहेत. कानबान, म्हणजे पुढे लागेल तेवढंच मागे बनवायची चिठ्ठीची पद्धत, तर टोयोटाच्या कारखान्यातली. म्हणजे हा विचार कारखान्यातून संगणकाकडे गेला. तो परत कारखान्यात आणला तर त्यात परकं काही नाही.

आता लोखंडाचं. तुम्ही स्वतः काय करता बघा. नवा पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) आला की पहिल्या दिवशी हजार नग ओतत नाही. सँपल ओतता, मापं घेता, तुकडा कापून आत श्रिंकेज (लोखंड आकसून पडलेली पोकळी) आहे का बघता, रायझर (साच्याला जादा लोखंड पुरवणारा भाग) बदलता, मग पायलट लॉट, म्हणजे चाचणीचे थोडे नग. गिऱ्हाईकाने पास केल्यावर बल्क. ॲजाईल म्हणतात ते हेच. माझं म्हणणं एवढंच, की बल्क सुरू झाल्यावर ही शिस्त सुटते. ब्लो होल (वायूमुळे पडलेली भोकं) बऱ्याचदा दिसतात मशीनिंगला, नग मशीनवर कापून मापात आणताना, म्हणजे ओतल्यावर काही आठवड्यांनी. तोपर्यंत त्याच सँडमध्ये (साच्याच्या वाळूत), त्याच कोअरने (आतली पोकळी राखणाऱ्या गाभ्याने) अख्खा लॉट ओतून झालेला असतो आणि तो सगळा परत भट्टीत जातो. त्यापेक्षा लॉट लहान ठेवा, पहिले नग लगेच मशीनवर चढवा, दोष वर आला की पुढचे मोल्ड (साचे) थांबवा. भट्टी अर्धी भरून चालवा असं मी म्हणत नाही. त्याच ग्रेडचे दुसरे जॉब त्याच हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या त्याच वितळणीत, ओतता येतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कोड पुसता येतो म्हणून सॉफ्टवेअरवाल्यांची चूक स्वस्तात सुटते. तुमची विजेच्या बिलात दिसते. लवकर कळण्याची गरज तुम्हालाच जास्त आहे.

धरसोडीचा मुद्दा मला मनापासून पटतो, कारण ॲजाईलच्या नावाखाली रोज नवं फर्मान काढणारे मालक आहेत आणि त्यात कामगारांचे हाल होतात. पण योजनेलाही किंमत आहे, असं त्याच जाहीरनाम्यात लिहिलंय. दर्जा, तारखेचा शब्द, पगाराचा दिवस यांना हात लावायचा नाही. बदलायची ती वाट, आणि तीही काही कळलं म्हणून. आपल्याकडचा गुळव्या (गूळ शिजवणारा) एका आदणाचा, म्हणजे कढईतल्या एका घाण्याचा, रंग बघून पुढच्या आदणात चुना कमी-जास्त करतो, त्याला कुणी धरसोड म्हणत नाही. पण गुऱ्हाळ मालकाला गुळाच्या एक किलोच्या रव्यांऐवजी (ढेपांऐवजी) लहान वड्या विकायच्या असतील, तर त्याने एका आदणाच्या वड्या पाडून दुकानात ठेवाव्यात. अख्ख्या हंगामाचे साचे आणि खोकी आधी करून बसू नये.

ॲजाईलमधल्या रोज सकाळी उभ्याने घ्यायच्या छोट्या मीटिंगवर तुम्ही चिडलात. ती नसली तरी चालेल. मोल्डिंगवाला आणि मशीन शॉपवाला रोज एकमेकांशी बोलले म्हणजे झालं.

राहिलं व्हीएमसी. मशीन अर्धं घेता येत नाही आणि बँकेचा हप्ताही थांबत नाही. असा निर्णय सावकाशच घ्यावा. पण त्याची परीक्षा आधी घेता येते. जे मशीनिंग घरात करायचंय ते दोन-तीन महिने कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कला, म्हणजे पैसे देऊन बाहेरून करून घ्यायला, द्या. किती तासांचं काम खरंच निघतं, गिऱ्हाईक मशीनिंगसकट भाव देतो का, रिजेक्शन कुणाच्या माथी येतं, हे रजिस्टरला लिहा. आणि महिन्याला किती तास काम निघालं तर मशीन घ्यायचं, तो आकडा पहिला जॉब बाहेर पाठवायच्या आधीच लिहून ठेवा. नंतर ठरवलात तर मशीन घ्यायच्या हौसेपायी तो हळूहळू खाली येतो.