मेल्विलने लेखणी खाली ठेवलीच कधी?

हर्मन मेल्विल या अमेरिकन लेखकावरचा एक मजकूर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. 1851 मध्ये त्याची देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी ‘मोबी डिक’ आली आणि आपटली. सगळ्यांनी टर उडवली. लेखक इतका खचला, की लिहिणं सोडून न्यूयॉर्कच्या कस्टममध्ये कारकून झाला. पुढची चाळीस वर्षं एक ओळ लिहिली नाही. मेला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मृत्युलेखात त्याचं नाव ‘हेन्री’ छापलं. खाली तात्पर्य: निराश होऊ नका. (चाळीस वर्षं हात बांधून बसलेल्या माणसाकडून आपण उमेद कशी घ्यायची, हे मला अजून कळलेलं नाही.)

एकेक बघू.

पुस्तक खपलं नाही, हे खरं. अमेरिकेत लेखकाच्या हयातीत तीन हजारांच्या थोड्या वर प्रती गेल्या. पण टर सगळ्यांनी उडवली हे खोटं, चांगली परीक्षणंही बरीच आली. लंडनमध्ये जी खरपूस टीका झाली, तिच्यामागे एक गंमत आहे. तिथली आवृत्ती आधी, ऑक्टोबरात निघाली, आणि तिच्यात शेवटचं छोटं प्रकरण छापायचं राहून गेलं. जहाज बुडाल्यावर गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल एकटा कसा वाचला, हे नेमकं त्याच प्रकरणात आहे. त्यामुळे तिथल्या परीक्षकांनी रास्तच विचारलं, की सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगतोय कोण? लेखकाची खरी पत गेली ती पुढच्या ‘पिएर’ या कादंबरीने. 1852 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने सरळ मथळाच दिला, की हर्मन मेल्विल वेडा झाला.

आणि त्या वेड्याने पुढच्याच वर्षी काय लिहिलं? ‘बार्टल्बी’. वॉल स्ट्रीटवरच्या वकिलाच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला करणारा एक फिकट, शांत माणूस. काम सांगितलं की आवाज न चढवता म्हणतो, ते न करणंच मला बरं वाटेल. भांडत नाही, कारण देत नाही आणि जागचा हलतही नाही. सरकारी कचेरीचा उंबरठा झिजवलेल्या कुणालाही ही कथा परकी वाटणार नाही. ती 1853 मध्ये ‘पटनम्स’ मासिकात आली. याच मासिकाने मेल्विलला पानाला पाच डॉलर देऊन गालापागोस बेटांवरची शब्दचित्रंही छापली, आणि 1855 मध्ये ‘बेनितो सेरेनो’. या कथेत जहाजावरच्या गुलामांनी आधीच ताबा घेतलेला असतो, आणि पाहुणा म्हणून आलेल्या भल्या अमेरिकन कप्तानाला ते दिवसभर दिसतच नाही. कारण गुलाम असं काही करू शकतात, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. ‘लिहिणं सोडलं’ म्हणतात त्या काळातलं हे काम.

कादंबऱ्या मात्र थांबल्या, एवढं मान्य. ‘द कॉन्फिडन्स-मॅन’ 1 एप्रिल 1857 ला आली. मिसिसिपीवरची आगबोट, दिवसही एप्रिल फूलचाच, आणि उतारूंना गंडवणारे एकामागून एक ठक. त्यानंतर त्याने हयातीत कादंबरी छापली नाही. पण कविता सुरू झाली. 1866 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन यादवी युद्धावरचा ‘बॅटल-पीसेस’ हा संग्रह निघाला आणि कस्टमची नोकरी लागली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे ‘मोबी डिक’नंतर पंधरा वर्षांनी! शिवाय ती कारकुनी नव्हती. गोदीत धक्क्यावर उभं राहून आलेला माल तपासणारा निरीक्षक, रोजचे चार डॉलर. हे काम त्याने 1885 संपेपर्यंत, एकोणीस वर्षं केलं.

आता ‘एक ओळ लिहिली नाही’बद्दल. नोकरी करता करता त्याने जवळपास अठरा हजार ओळी लिहिल्या, त्याही एकाच कवितेच्या. ‘क्लॅरेल’ तिचं नाव. 1857 च्या जानेवारीत तो जेरुसलेमला जाऊन आला होता. ती धूळ, ते दगड त्याने जवळजवळ वीस वर्षं मनात ठेवले. धर्मशास्त्र शिकणारा एक अमेरिकन तरुण जेरुसलेमला येतो. तिथे रूथ नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडतो. तिचा बाप मारला जातो, ती सुतकात असते, म्हणून हा यात्रेकरूंबरोबर मृत समुद्राकडे निघतो. वाटेत श्रद्धा, विज्ञान, देव आहे की नाही यांवर न संपणारे वाद. परत येतो तो रूथला पुरत असतानाच. वाचायला सोपी नाही. ओळी आखूड, यमकं कधी कधी ओढूनताणून आणलेली. पण श्रद्धा सुटत नाही आणि धरवतही नाही, अशा माणसाची तडफड इतक्या लांबवर सोसणारी दुसरी कविता माझ्या वाचनात नाही. 1876 मध्ये ती मामाच्या पैशांतून दोन खंडांत निघाली. तीन वर्षांनी उरलेल्या प्रती लगद्याला गेल्या. तरी निवृत्तीनंतर त्याने आणखी दोन संग्रह छापले, 1888 आणि 1891 मध्ये, प्रत्येकी फक्त पंचवीस प्रती. वाचक मिळत नव्हता, तर वाचकाचा हिशेबच काढून टाकला.

राहिला मृत्युलेख. 28 सप्टेंबर 1891 ला तो गेला. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने चार ओळी छापल्या. त्यांत नाव बरोबर आहे, चुकलंय ते ‘मोबी’चं स्पेलिंग. आठवड्याभराने त्याच वृत्तपत्राने त्याच्या एका परिचिताचं पत्र छापलं, त्याच्या मथळ्यात मात्र ‘हायरम मेल्विल’ झालं. हेन्री नाहीच. अमेरिकेत त्याला विसरले होते, यात शंका नाही. पण इंग्लंडमधले काही वाचक त्याला शोधून पत्रं पाठवत होते. त्यांतल्याच क्लार्क रसेल या दर्यावर्दी कादंबरीकाराला त्याने 1888 चा संग्रह अर्पण केला.

आणि घरात एका हस्तलिखितावर काम चालू होतं. फाशी जाणाऱ्या एका तरुण खलाशाच्या कवितेला प्रस्तावना म्हणून लिहिलेल्या चार ओळी वाढत वाढत लघुकादंबरी झाली होती. ती ‘बिली बड’. 1919 मध्ये चरित्रकार रेमंड वीव्हर याला ते कागद मेल्विलच्या नातीकडे मिळाले, छापले गेले 1924 मध्ये. खाडाखोड, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, पेन्सिलीतल्या दुरुस्त्या, आणि शेवटी त्याच्या हाताने घातलेली तारीख: 19 एप्रिल 1891.