सॉफ्टवेअरच्या आधी सॅम्पल कसे घेतलेत ते बघा

कॅन्सरचे जीन्स शोधण्याबद्दलचा तुमचा लेख छान आहे पण "आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा कॉम्प्युटरमध्ये टाकला की कॅन्सरचे जीन्स कळतात" हे वाक्य खटकलं (आरएनए सिक्वेन्सिंग म्हणजे पेशीत कोणता जीन किती चालू आहे ते मोजणं). एवढं सोपं नसतं हो. माणसात प्रोटीन बनवणारे जीन्स साधारण 20,000, ट्यूमर आणि नॉर्मलमध्ये फरक आहे का याची प्रत्येकाची वेगळी संख्याशास्त्रीय टेस्ट होते, आणि 0.05 ची मर्यादा (म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची 5 टक्के शक्यता) धरली तर खरा फरक कुठेच नसला तरी हजारेक जीन्स निव्वळ योगायोगाने बदललेले दिसू शकतात, म्हणून तर बेंजामिनी-हॉकबर्ग यांची 1995 सालची फॉल्स डिस्कव्हरी रेटची (सापडलेल्यांत खोटे किती हे आटोक्यात ठेवणारी) पद्धत लावतात, तिचा उल्लेख हवाच होता.

त्याहून मोठा घोळ बॅच इफेक्टचा, म्हणजे सॅम्पल वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी केल्याने येणाऱ्या फरकाचा. समजा ट्यूमरचे सगळे सॅम्पल परळला एका किटवर (तपासणीच्या रसायनांच्या संचावर) केले आणि नॉर्मलचे सगळे खारघरला दोन महिन्यांनी दुसऱ्या किटवर, तर दिसणारा फरक कॅन्सरचा की किटचा हे डीईसेक2 काय आणि लिमा काय, ही विश्लेषणाची सॉफ्टवेअर, कोणीच सांगू शकत नाही. दोन्ही प्रकार प्रत्येक बॅचमध्ये मिसळायचे, ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

आणि आरएनए वाढला म्हणजे प्रोटीनही तेवढंच वाढलं असं नाही. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने प्रोटीनच्या आकाराचा अंदाज येतो, पेशीत ते नक्की काय करतं हे शेवटी प्रयोगानेच कळतं.

मुंबईत एमएस्सीच्या मुलांना मी हेच शिकवते. आर ही प्रोग्रॅमिंग भाषा फुकट आहे, जीन एक्सप्रेशन ऑम्निबस या ऑनलाइन साठ्यावर डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, डोंबिवलीत घरी बसूनही विश्लेषण करता येतं. पुढचा भाग लिहिणार असाल तर प्लीज सॅम्पल डिझाइनवर लिहा.