विमानातली हवा, ॲलर्जी आणि तो फॉरवर्ड

“गंभीर फूड ॲलर्जी असलेल्यांनी परदेशी विमानप्रवास करूच नये. कुणीतरी शेंगदाण्याचं पाकीट फोडलं की कण एसीतून विमानभर पसरतात. जावंच लागलं तर स्पेशल मील सांगा आणि ॲलर्जीची गोळी घेऊन बसा. विमानात इंजेक्शन असतंच.” असा एक मेसेज सतत फिरत असतो. जिथे धीर द्यायचा तिथे तो घाबरवतो आणि जिथे सावध करायचं तिथे निर्धास्त करतो.

आधी हवेचं बघू. प्रवासी विमानात हवा वरून येते आणि खाली, पायांच्या बाजूने बाहेर ओढली जाते. पुढच्या रांगांकडून मागच्या रांगांकडे ती वाहत जात नाही. केबिनमधली हवा तासाला साधारण 20 ते 30 वेळा बदलते. मोठ्या आधुनिक विमानांत जी हवा पुन्हा आत सोडतात ती हेपा फिल्टरमधून येते, आणि हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवतो. राहिला वास. तो येतो हवेत उडणाऱ्या रसायनांमुळे, पण ॲलर्जी असते प्रथिनांची, आणि पीनट बटरच्या वासातून प्रथिनं नाकात जात नाहीत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या 30 मुलांच्या नाकापासून फूटभर अंतरावर 10 मिनिटं पीनट बटर धरलं होतं. एकालाही श्वासाचा त्रास झाला नाही. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन ऑथॉरिटीच्या पैशांतून झालेला, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावाही हेच सांगतो: विमानाच्या हवेतून सुक्या मेव्याचे ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे घटक, पसरतात याला पुरावा नाही.

वास आला की छातीत धडधडतं, हात गार पडतात, हे मात्र खरं. एकदा मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसाला “मनाचे खेळ आहेत” असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मासे किंवा कोळंबी उकळताना वाफेतून प्रथिनं उडू शकतात हेही खरं, पण तो प्रश्न मुख्यतः ते शिजवतात त्या स्वयंपाकघराचा. विमानात जेवण तयार येतं आणि फक्त गरम होतं.

धोका आहे तो आधीच्या प्रवाशाच्या हातांचा. ट्रे, हातटेकण, स्क्रीन, पट्ट्याचं बक्कल इथे चिकटलेलं अन्न आपल्या बोटांवर येतं आणि बोटं तोंडात जातात, लहान मुलांची तर हमखास. म्हणून बसल्याबसल्या ओल्या वाइप्सने सगळं पुसायचं आणि खाण्याआधी हातही वाइप्सने किंवा साबणाने स्वच्छ करायचे. सॅनिटायझर जेल इथे कुचकामी, कारण ते जंतू मारतं, प्रथिनं काढत नाही. सीट पुसण्यासाठी आधी चढू द्या, अशी विनंती एअरलाइनला जरूर करावी.

आता स्पेशल मील. व्हेगन जेवणात दूध-अंडं नसतं, पण काजू-बदाम असू शकतात. ग्लुटेन-फ्री जेवणाचंही तेच. त्यात आंतरराष्ट्रीय प्रवासाची वेगळी गोम म्हणजे लेबलं. युरोपियन युनियनमध्ये 14 ॲलर्जन ठळकपणे दाखवणं बंधनकारक आहे. अमेरिकेच्या यादीत 9 आहेत, आणि तीळ त्यात 2023 पासून आले. मोहरी आणि सेलरी युरोपच्या यादीत आहेत, अमेरिकेच्या नाहीत. परतीच्या विमानात जेवण बहुतेकदा दुसऱ्या देशातून चढतं, म्हणजे जाताना चाललेला पदार्थ येताना चालेलच असं नाही. घरून डबा न्यावा हे उत्तम. उरलेली फळं, दूध, मांस उतरण्याआधी संपवा किंवा विमानातच टाका. कस्टम्समध्ये ते अडवू शकतात.

गोळीबद्दल थोडक्यात: अँटीहिस्टामिनने खाज आणि पित्त उठणं कमी होतं. आवळलेला घसा ती सोडवत नाही, पडलेला रक्तदाब वर आणत नाही. ते काम ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनचं.

आणि “विमानात इंजेक्शन असतंच”? अमेरिकी नियमांनुसार विमानातल्या मेडिकल किटमध्ये ॲड्रेनलिन लागतं, पण ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे छोट्या बंद कुपीत. तेव्हा कुणीतरी जाणकार सापडायला हवा, त्याने डोस मोजून सिरिंजमध्ये भरायला हवा. मांडीला टेकवून दाबायचा ऑटोइंजेक्टर ठेवण्याची सक्ती नाही. तेव्हा स्वतःचे दोन न्या, डॉक्टरांच्या पत्रासकट. 100 मिलीची मर्यादा औषधांना लागू नाही. चेक-इन बॅगेत ते ठेवू नका, आणि डोक्यावरच्या कप्प्यातही नको. समोरच्या सीटखाली, हाताशी असू द्या. शेजारच्याला आणि क्रूला सांगून ठेवा.

त्रास सुरू झाला की माणूस लाजेने किंवा मळमळीने उठून टॉयलेटकडे जातो. हे अजिबात करू नका: रक्तदाब पडत असताना उभं राहिलं तर तिथेच कोसळायची भीती, तेही बंद दाराआड. जागेवरच मांडीत इंजेक्शन घ्या, क्रूला बोलवा. शक्य असेल तर आडवं होऊन पाय वर; श्वास लागत असेल तर बसून. पाच मिनिटांत फरक पडला नाही, तर दुसरं इंजेक्शन.